सिएरा लिओन: मुले शाळेत आली, वाचन कुठे अडले?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनने २०१८ साली सरकारी आणि सरकारमान्य अनुदानित शाळांची फी माफ केली, अर्थसंकल्पाचा जवळजवळ पाचवा हिस्सा शिक्षणाकडे वळवला, मुले लाखांनी शाळेत आली. तरी तिसरी-चौथीतल्या मुलाला साधे वाक्य का वाचता येत नाही? पाणी मुरते कुठे? पुढच्या वर्षी शिक्षक-प्रशिक्षणाच्या कामासाठी तुम्ही तिकडे जाणार आहात, तर आधी काय समजून घ्यावे, हेही तुम्ही विचारले आहे.

मी आधी मेळघाटात आणि नंतर बरीच वर्षे सिएरा लिओनच्या खेड्यांतल्या प्राथमिक शाळांबरोबर काम केले. त्या अनुभवावरून सांगतो: पाणी पहिलीच्या वर्गात मुरते. त्या वर्गात उभा असलेला शिक्षक बहुतेकदा बिनपगारी असतो, आणि ज्या भाषेत तो वाचायला शिकवतो ती समोरच्या मुलांना येत नसते. बाकीची कारणे खोटी नाहीत. युद्ध, इबोलाची साथ, भ्रष्टाचार, गरिबी हे सगळे खरे आहे. पण ते सगळे शेवटी त्या एका खोलीत येऊन साचते.

म्हणून आधी त्या खोलीत चला. पोर्ट लोको किंवा कैलाहून जिल्ह्यातले एखादे गाव घ्या. पत्र्याचे छप्पर, छपरापर्यंत न पोहोचणाऱ्या आडभिंती. पहिलीत ऐंशी-नव्वद मुले. पटावर सहा वर्षांची, प्रत्यक्षात चार ते अकरा वर्षांची. बालवाडी गावात नाही, त्यामुळे आई शेतावर जाताना धाकट्याला थोरल्याबरोबर शाळेत पाठवते. मे ते ऑक्टोबर पाऊस. कोकणातल्या माणसाला हे सांगायला नको, पत्र्यावर असा पाऊस सुरू झाला की शिकवणे थांबते, कारण दोन हातांवरच्या मुलालाही काही ऐकू येत नाही. शिक्षक फळ्यावर इंग्रजी वाक्य लिहितो, छडीने एकेक शब्द दाखवतो, वर्ग एका सुरात म्हणतो. बाहेरून ऐकणाऱ्याला वाटते, वाचन जोरात चालले आहे. मी अशा वेळी एका मुलाला जवळ बोलावून वाक्यातल्या शेवटच्या शब्दावर बोट ठेवत असे आणि विचारत असे, हे काय? मूल पहिल्या शब्दापासून पूर्ण वाक्य म्हणून दाखवी. त्याने वाक्य ऐकून पाठ केलेले असे. अक्षर आणि आवाज यांचे नाते त्याला कुणी दाखवलेलेच नसे. हेच मी मेळघाटात कोरकू मुलांच्या बाबतीत मराठी धड्यावर पाहिले होते, म्हणून मला ते लवकर ओळखता आले.

आता त्या शिक्षकाकडे पाहा. तिकडे शिक्षक एकमेकांना विचारतात, ‘तुझा पिन कोड आला का?’ त्याचा टपालाशी संबंध नाही. पिन कोड म्हणजे सरकारी पगारपत्रकावरचा क्रमांक. तो मिळाला की तुम्ही शिक्षक म्हणून सरकारच्या लेखी अस्तित्वात आलात. देशातल्या शिक्षकांपैकी फार मोठा हिस्सा, आणि दुर्गम भागांतल्या पुष्कळ शाळांत निम्म्याहून अधिक, पिन कोडाविना शिकवतात. त्यांना तिकडे ‘कम्युनिटी टीचर’ म्हणतात. हे बहुधा गावातलेच तरुण असतात, माध्यमिक शाळेपर्यंत शिकलेले, कधी शेवटची परीक्षा पास, कधी नापास. गाव त्यांना पैशाऐवजी तांदूळ, पामतेल, शेतावर मदत देते. हंगाम चांगला असेल तर देते.

एका शाळेत मला असा शिक्षक भेटला. सात वर्षे पहिलीला शिकवत होता आणि सात वर्षे पिन कोडाची वाट पाहत होता. लावणीच्या आणि कापणीच्या दिवसांत तो वर्गात नसे. गावातले कुणी त्याला कामचुकार म्हणत नसे, कारण भात पिकले नाही तर त्याची मुले काय खाणार, हे सगळ्यांना माहीत होते. पगार मिळणाऱ्या शिक्षकांची अडचण वेगळी. बँक जिल्ह्याच्या गावी, रस्ता कच्चा, मोटरसायकल टॅक्सीचे, म्हणजे ‘ओकाडा’चे भाडे मोठे. महिनाअखेरीस दोन-तीन दिवस त्यातच जातात. तुम्ही शिक्षकांच्या गैरहजेरीचे आकडे वाचाल तेव्हा ही दोन माणसे डोळ्यांसमोर ठेवा.

मग सरकार पिन कोड का देत नाही? कागदावरची साखळी अशी आहे. आधी शाळेला मान्यता हवी. मान्यतेसाठी इमारत, पटसंख्या, जवळच्या शाळेपासूनचे अंतर यांचे निकष. लांबच्या लहान गावाने स्वतः बांधलेली शाळा यातच अडकते. मान्यता मिळाली तरी शिक्षकाकडे प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र हवे, आणि ते मिळण्याची महाविद्यालये शहरांत. तेही झाले तर पद मंजूर व्हायला हवे, आणि तिथे अर्थखाते हात आखडते. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीबरोबरच्या कर्ज-कार्यक्रमांमुळे सरकारी पगारखर्चावर वर्षानुवर्षे मर्यादा राहिली आहे. पगारपत्रकावरची खोटी नावे शोधून काढण्याचे आणि नेमणुका नियमात आणण्याचे काम शिक्षक सेवा आयोगाने मनापासून केले आहे, पण गरज आणि मंजूर पदे यांतले अंतर त्याने मिटत नाही.

फी माफीने या शिक्षकाचे काय झाले, हे फारसे कुणी विचारत नाही. कागदावर प्राथमिक शिक्षण २०१८च्या आधीही मोफतच होते. प्रत्यक्षात शाळा पालकांकडून थोडेथोडे घेत असत आणि त्यातून बिनपगारी शिक्षकाला काहीतरी मिळे. अध्यक्ष ज्युलियस माडा बिओ यांच्या सरकारने ही वसुली बंद केली, परीक्षा शुल्क स्वतः भरले, मुख्य विषयांची पुस्तके दिली. हे योग्यच होते, मी त्याच्या पूर्ण बाजूने आहे. दोन वर्षांच्या आत विद्यार्थीसंख्या सुमारे २० लाखांवरून २६ लाखांपलीकडे गेली. एवढी मुले बाहेर उभी होती, ही त्या फीची क्रूरता होती. पण वसुली थांबल्यावर तिच्या जागी शाळेला प्रति विद्यार्थी जे अनुदान येते ते प्राथमिक शाळांसाठी माध्यमिकच्या तुलनेत किरकोळ आहे, आणि ते सत्र उलटून गेल्यावर हाती पडते. पहिलीचा वर्ग साठचा नव्वद झाला आणि त्याच वेळी पहिलीच्या शिक्षकाची होती-नव्हती ती मिळकतही गेली.

भ्रष्टाचाराबद्दल तुम्ही विशेष विचारले होते. आहे. परीक्षांमधली कॉपी संघटित आहे, तिथल्या भ्रष्टाचारविरोधी आयोगाने परीक्षा केंद्रांवर छापे घातले आहेत. पण सगळी चोरी उद्या थांबली तरी पहिलीतले मूल परवा वाचू लागणार नाही.

आता भाषा. माझ्या मते हा विषय सर्वांत महत्त्वाचा आहे आणि त्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते. ८० लाखांहून थोड्या अधिक लोकसंख्येच्या, महाराष्ट्राच्या चौथाईहूनही लहान अशा या देशात पंधराहून अधिक भाषा बोलल्या जातात. दक्षिणेला आणि पूर्वेला मेंडे, उत्तरेला टेम्ने, शिवाय लिम्बा, कोनो, किस्सी, फुला, मांडिंगो आणि आणखी काही. या सगळ्यांना जोडणारी भाषा क्रिओ. राजधानी फ्रीटाऊनला १७९२पासून येऊन वसलेल्या, गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांच्या वंशजांची ही भाषा. तिचे बरेच शब्द इंग्रजीतून आले, पण व्याकरण आणि लय आफ्रिकी. घरी क्रिओ बोलणारे थोडे, बाजारात ती कळणारे जवळजवळ सगळे.

शाळेची भाषा मात्र इंग्रजी. सुरुवातीच्या वर्गांत मातृभाषा वापरावी असे धोरण कागदावर आहे, पण पुस्तके इंग्रजीत आणि सहावीनंतरची परीक्षाही इंग्रजीत, तेव्हा शिक्षक तरी काय करणार? क्रिओ इंग्रजीसारखी वाटते म्हणून मुलांना इंग्रजी सोपी जाईल, असा बाहेरून येणाऱ्यांचा समज असतो. तुम्हीही तो घेऊन जाल, म्हणून इथेच सांगतो. ‘मुलगा शाळेत जातोय’ हे क्रिओत ‘दी बोबो दे गो ना स्कूल’ असे होते. शब्द ओळखीचे वाटतात, रचना संपूर्ण वेगळी आहे. आणि गावातल्या मेंडे मुलाला क्रिओसुद्धा नीट येत नसते, ती तो पुढे बाजारात शिकतो. म्हणजे पहिलीत त्याच्यासमोर तिसरी भाषा असते.

त्यात इंग्रजीचे लेखन. एकाच अक्षराचे चार उच्चार, एकाच उच्चाराची चार स्पेलिंगे. देवनागरीत आपण जसे लिहितो तसे वाचतो. मेंडे, टेम्ने आणि क्रिओ यांच्याही लिपी रोमन असल्या तरी आवाजाशी प्रामाणिक आहेत. क्रिओत पाणी म्हणजे ‘वाता’, आणि ते बोलतात तसेच लिहितात. ज्या मुलाला अक्षर-आवाजाचे नाते एकदा कळले ते त्याला दुसऱ्या भाषेत नेता येते. पण ते नाते न कळणाऱ्या भाषेत, बेशिस्त स्पेलिंगातून शिकवायचे म्हणजे सहा वर्षांच्या मुलाकडून आपण फारच मागतो. गेल्या काही वर्षांत तिथल्या शिक्षण मंत्रालयाने स्थानिक भाषांतले प्रारंभिक साहित्य काही शाळांत वापरून पाहायला सुरुवात केली आहे. मला त्या देशात याहून महत्त्वाची दुसरी कुठली हालचाल दिसत नाही.

पालकांचा विरोध होईल, हे खरे. एका गावातल्या सभेत एक आजोबा उठून म्हणाले होते, ‘मेंडे मी घरी शिकवतो, शाळेत मला इंग्रजी हवी.’ त्यांचे चुकले असे मला वाटले नाही. परीक्षा, नोकरी, कचेरी सगळे इंग्रजीत असताना ते दुसरे काय मागणार? आपल्याकडे सेमी-इंग्रजीच्या तुकड्या याच विचाराने भरतात. त्यांना भाषणाने पटणार नाही. त्यांच्या नातवाने सहा महिन्यांत मेंडेत गोष्ट वाचून दाखवली आणि पुढच्या वर्षी इंग्रजीही वाचली, तर पटेल.

हे असे का घडले, याचा इतिहास थोडक्यात. फ्रीटाऊनचे फोरा बे कॉलेज १८२७चे. पश्चिम आफ्रिकेतले पाश्चात्त्य धर्तीवरचे पहिले उच्च शिक्षण तिथे सुरू झाले, नायजेरियापासून मुले तिथे शिकायला येत. पण ते फ्रीटाऊनच्या ब्रिटिश वसाहतीपुरते. आतला प्रदेश ब्रिटिशांनी १८९६ साली संरक्षित प्रदेश म्हणून ताब्यात घेतला आणि तिथे १९०६ साली बो इथे शाळा काढली ती मुख्यांच्या, म्हणजे परंपरागत सरदारांच्या, मुलांसाठी. कळस आधी चढला, पाया मागे राहिला. १९६१च्या स्वातंत्र्यानंतरही शाळा मुख्यतः ख्रिस्ती मिशन आणि मुस्लिम संस्थांच्याच राहिल्या, आजही बहुसंख्य प्राथमिक शाळांच्या पाटीवर एखाद्या धर्मसंस्थेचे नाव असते. पुढचे राज्यकर्ते सियाका स्टीव्हन्स यांच्या काळात सत्ता आणि हिऱ्यांचा पैसा मूठभरांकडे गेला. मार्च १९९१ मध्ये कैलाहूनच्या सीमेवरून सुरू झालेले यादवी युद्ध जानेवारी २००२ मध्ये संपले, तोवर सुमारे ५० हजार माणसे गेली आणि हजारो मुलांच्या हाती बंदुका दिल्या गेल्या. युद्धाची चौकशी करणाऱ्या सत्य आणि समेट आयोगाने नंतर स्पष्ट लिहिले की, वगळले गेलेले, संतापलेले तरुण हे या युद्धाच्या मुळाशी होते. याच कैलाहूनमध्ये २००० साली संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतले सव्वादोनशेच्या आसपास भारतीय जवान दोन महिन्यांहून अधिक बंडखोरांच्या वेढ्यात अडकले होते आणि जुलैमध्ये ‘ऑपरेशन खुकरी’ने ते सुटले. त्या भागात मी भारतीय आहे म्हटल्यावर वयस्क माणसे अजून हा विषय काढत.

मुलींबद्दल जरा थांबून सांगायला हवे. २०१४ साली इबोला आला, १४ हजारांवर लोकांना लागण झाली, जवळजवळ चार हजार दगावले. शाळा सुमारे नऊ महिने बंद राहून एप्रिल २०१५ मध्ये उघडल्या. त्या काळात हजारो किशोरवयीन मुली गरोदर राहिल्या. आणि शाळा उघडताना सरकारने काय केले, तर दिसण्याइतपत गरोदर असलेल्या मुलींना वर्गात यायलाच बंदी घातली. ती बंदी पाच वर्षे चालली. पश्चिम आफ्रिकी राष्ट्रांच्या न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये ती बेकायदा ठरवली, मार्च २०२० मध्ये ती उठली. पुढच्या वर्षी आलेल्या सर्वसमावेशक धोरणाने गरोदर मुली, लहान माता, अपंग मुले यांना शाळेत येण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत दिला आणि २०२४ साली बालविवाहाविरुद्ध कडक कायदा झाला. तत्कालीन शिक्षणमंत्री डेव्हिड मोइनिना सेंगे यांना त्या धोरणाचे श्रेय द्यायलाच हवे.

मुलींना नेमके काय वाचवते, याचाही पुरावा तिथलाच आहे. बांगलादेशच्या ‘ब्रॅक’ या स्वयंसेवी संस्थेने इबोलाच्या सुमारास काही गावांत मुलींची मंडळे सुरू केली होती. एक सुरक्षित खोली, आठवड्यातून काही तास, एक थोरली ताई, गप्पा, आरोग्याची माहिती, थोडे व्यवसाय शिक्षण. साथीनंतरच्या अभ्यासात दिसले की, जिथे मंडळ नव्हते तिथे मुलींची शाळेतली नोंदणी १६ टक्के अंकांनी घसरली होती. मंडळ असलेल्या गावांत ही घसरण निम्म्यावर थांबली. एका खोलीने एवढे केले. मी उत्तरेतल्या एका शाळेत सोळा वर्षांची आई वर्गात बसलेली पाहिली आहे. बाहेर आंब्याखाली तिची आजी बाळाला घेऊन बसायची, मधल्या सुट्टीत मुलगी येऊन दूध पाजायची. धोरण त्या मुलीला वर्गापर्यंत आणू शकले. ती टिकली आजीमुळे.

आरोग्याचे एवढेच सांगतो, पण ते आपल्याला अंतर्मुख करणारे आहे. २०१९च्या पाहणीत तिथली ३० टक्के लहान मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. महाराष्ट्रात २०१९-२१च्या पाहणीत हे प्रमाण ३५ टक्के होते. म्हणून ‘आफ्रिकेतली कुपोषित मुले’ हे वाक्य बोलण्याआधी आपण थांबलेले बरे. बालमृत्यूचे चित्र मात्र उलटे आहे. त्याच पाहण्यांनुसार तिथे हजारी १२२ मुले पाचव्या वाढदिवसाआधी जात होती, महाराष्ट्रात २८. हिवताप, लांबचा दवाखाना आणि दवाखान्यात औषध नसणे, ही त्याची मोठी कारणे. २०१० साली गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांसाठी उपचार मोफत झाले आणि मातामृत्यू बरेच उतरले, तरी २०१९च्या पाहणीत लाखामागे ७१७ होते. वर्गात बसलेल्या प्रत्येक मुलाने घरातला एखादा मृत्यू पाहिलेला असतो, हे तिकडे काम करताना विसरता येत नाही.

मग करता येते काय? सिएरा लिओनहून वायव्येला गांबिया हा त्याहून लहान देश आहे. तिथल्या दुर्गम गावांत एक मोठा प्रयोग झाला. त्याचा पहिला अवतार तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खेड्यांत करून पाहिलेला होता. शाळा सुटल्यावर जादा वर्ग. शिकवणारे फारसे शिकलेले नव्हते, पण त्यांना प्रत्येक दिवसाचा तपशीलवार पाठ लिहून दिलेला, नियमित मानधन, आणि वारंवार येऊन वर्ग पाहणारा, चूक दाखवून देणारा माणूस. तीन वर्षांनी त्या मुलांचे गुण इतर गावांतल्या मुलांपेक्षा ४६ टक्के अंकांनी अधिक भरले. शिक्षण क्षेत्रात इतका मोठा फरक जवळजवळ कधीच दिसत नाही.

माझे सात वर्षे वाट पाहणारे शिक्षक आणि गांबियातले ते शिक्षक यांच्या शिक्षणात फार फरक नव्हता. फरक होता मानधनाचा, हातातल्या पाठाचा आणि भेटीला येणाऱ्या माणसाचा. मदतीचा पैसा मात्र बराच काळ वरच्या वर्गांकडे गेला. ब्रिटिश मदतीने चाललेला ‘ले वी लान’ हा कार्यक्रम चांगला होता, पाठनियोजनाची पुस्तके त्यानेच देशभर पोहोचवली, पण त्याचा मुख्य भर माध्यमिक शाळांवर होता. पहिलीत वाचायला न शिकलेले मूल तिथवर पोहोचतच नाही, किंवा पोहोचून गप्प बसते.

तुमच्यासाठी आता व्यवहाराचे. जाण्याआधी क्रिओ शिका, दोन महिन्यांत बोलण्याइतकी येते. जिथे नेमणूक असेल तिथली भाषा, निदान अभिवादनापुरती: मेंडे गावात ‘बुआ’, टेम्ने गावात ‘सेके’. गावात पोचल्यावर शाळेआधी मुख्यांना भेटा, ही भेट राहिली तर पुढचे काम अडते. शाळेचे वर्ष सप्टेंबरमध्ये सुरू होते आणि नेमके तेव्हाच नवे भात यायचे असते, जुने संपलेले असते. त्या आठवड्यांत मुले उपाशी येतात, तेव्हा पहिल्याच महिन्यात चाचण्या घेऊन मुलांवर शिक्का मारू नका. प्रशिक्षण वर्ग जिल्ह्याच्या हॉटेलात घेऊ नका. शिक्षकाच्या वर्गात, त्याच्या नव्वद मुलांसमोर घ्या, आणि पुन्हा पंधरा दिवसांनी जा. सोबत न्यायचेच असेल तर खडू न्या.

आणि पहिल्या शाळेत पाऊल ठेवाल तेव्हा मुख्याध्यापकांना विचारा की, पहिलीला कोण शिकवते आणि त्यांना पिन कोड आहे का. बहुतेक वेळा ते क्षणभर थांबतील, मग हाक मारून कुणाला तरी बोलावतील. त्या माणसाशेजारी बसा.